बाजूचे दिवे

माझे भावोजी मख्ख माणूस. हे मी चांगल्या अर्थानं म्हणत नाही आणि वाईट अर्थानंही नाही, जे आहे ते सांगते. गल्लीत कुणी हसो, रडो, एकमेकांच्या अंगावर जावो, त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. ताईशी त्यांचं लग्न ठरलं तेव्हा आईनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "हा माणूस खूश आहे का गं? काही पत्ताच लागत नाही." मी म्हटलं, "आई, आलाय ना तो, म्हणजे असेल."

भावोजी गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. गॅरेजांच्या गल्लीत, रेडिएटरवाला आणि ठोकलेला पत्रा सरळ करणारा डेंटर यांच्या मधोमध त्यांची पत्र्याची शेड आहे. तिच्या कोपऱ्यात माझं शिलाईमशीन. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. एका छपराखाली दोन धंदे असल्यामुळे त्यांना माझी बडबड ऐकावी लागते आणि मला त्यांचं गप्प बसणं. जास्त छळ कुणाचा होतो हे अजून ठरलेलं नाही.

ताई, म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, पिकअप चालवायची. शहराबाहेरच्या डोंगरात बोगद्याचं काम बरीच वर्षं चाललंय, आणि वर कामगारांची वसाहत आहे. त्या वसाहतीला लागणारा पाव, अंडी, दूध, भाजी ताई रोज उजाडायच्या आत वर पोचवायची. कुणी आजारी असेल तर येताना त्याला घेऊन यायची. रस्ता म्हणजे नुसती खडी आणि माती. एका अंगाला चर, दुसऱ्या अंगाला थेट उतार. गाडी तिची स्वतःची होती, आणि त्या गाडीवर तिचा जितका जीव होता तितका आमच्यापैकी कुणावर होता की नाही, देव जाणे.

भावोजींची आणि तिची ओळख त्या गाडीमुळेच झाली. पिकअप डावीकडे वळवली की हॉर्न आपोआप वाजायचा. बऱ्याच जणांनी हात टेकले होते. भावोजी स्टिअरिंगखाली आडवे झाले, ताईला म्हणाले वळव, परत वळव, आणि थोड्या वेळानं उठून बसले. ताईनं विचारलं, "कसं सापडलं?" तर म्हणाले, "होतं तिथंच होतं." हे वाक्य ताईनं आठवडाभर घरात सगळ्यांना सांगितलं. मी तेव्हाच ओळखलं की आता हिचं काही खरं नाही. फॉल्ट शोधण्यात मात्र त्या माणसाचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. इतर गॅरेजवाले चार दिवस डोकं फोडून शेवटी गाडी ढकलत आमच्याच दारात आणायचे.

जादा दिवे बसवणं हे त्यांचं दुसरं मोठं काम. डोंगरात, खाणीत, आडरस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांना कंपनीचे हेडलाइट पुरत नाहीत. लोकांना वाटतं, दिवा आवळला, दोन वायरी ओढल्या, स्विच लावला, संपलं. असं केलं की काही दिवसांनी स्विच वितळतो. मोठ्या दिव्याला करंट मोठा लागतो आणि स्विच बिचारा बोटाएवढा. म्हणून मधे रिले घालायचा. काडेपेटीहून लहान अशी काळी डबी असते. स्विच दाबला की जरासा करंट तिला जाऊन हलवतो, ती आतल्या आत टक करते आणि बॅटरीचा मोठा करंट थेट दिव्याकडे सोडते. गिऱ्हाइकांना हे सगळं मीच समजावून सांगायची. भावोजी त्या वेळी वायर सोलत बसलेले असायचे, जणू ही गोष्ट दुसऱ्याच कुणाच्या धंद्याची आहे.

त्यांची एक पद्धत होती. वायरिंग सगळं झालं तरी दिव्यांच्या वायरी ते शेवटपर्यंत जोडायचे नाहीत, तोंडं सुटी लोंबत ठेवायचे. आधी तसाच स्विच दाबून बघायचा. रिलेनं टक केलं, म्हणजे स्विचपासून रिलेपर्यंतचं काम बरोबर. दिवा अर्थातच लागत नाही. ही कोरडी चाचणी. मग दिव्यांच्या वायरी जोडायच्या आणि खरोखर दिवे लावून बघायचे, ती पक्की चाचणी. गल्लीतले बाकीचे एकदम पक्कीवरच जातात आणि फ्यूज उडाली की बॅटरीला शिव्या देतात. भावोजींनी कोरडी चाचणी कधी सोडली नाही. घाई असली तरी नाही.

ताईच्या डोळ्यांचं कधी सुरू झालं ते कुणालाच सांगता येणार नाही, तिलाही नाही. दाराच्या चौकटीला तिचा खांदा लागायला लागला. टेबलाच्या कडेचा कप तिच्या कोपरानं पडायला लागला. आई म्हणायची, ही लहानपणापासून धांदरट. मग पिकअपला ओरखडे दिसायला लागले. डेंटर मोठा चावट, तो म्हणाला, "वहिनी, गाडीला रात्री मांजर ओरबाडतं का?" ताई हसली. मीही हसले. नंतर गाडीभोवती एक चक्कर मारली तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. सगळे ओरखडे बाजूंना होते, समोर एकही नव्हता.

मीच तिला डॉक्टरांकडे नेलं. भावोजीही आले. डॉक्टरांनी तिला समोर बघायला सांगितलं आणि कानाच्या बाजूनं पेन हळूहळू पुढे आणलं. "दिसलं की सांगा." पेन पार नाकासमोर यायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "दिसलं." मी भावोजींकडे बघितलं. ते भिंतीवरचा पंख्याचा रेग्युलेटर बघत होते. डॉक्टरांनी सांगितलं की नजर कडेकडून आत आक्रसत चालली आहे. मधलं बराच काळ दिसत राहील, बाजूचं जाईल. अंधारात आधी जाणवेल. थांबवता येईल असं औषध सध्या नाही. "अंधारात गाडी चालवू नका," ते म्हणाले, "बाकी पुढे बघू."

दुसऱ्या दिवशी भावोजींनी शेडमध्ये दोन मोठे दिवे आणले आणि पिकअपच्या बंपरवर आवळायला घेतले. मी म्हटलं, "हे काय?" ते म्हणाले, "अंधारात चालवू नका म्हणाले ना. मग अंधारच नाही ठेवायचा."

त्यांच्या तोंडून एवढं मोठं वाक्य मी लग्नातही ऐकलं नव्हतं. मला ते पटलंही. आपल्याला जे हवं असतं ते पटायला वेळ लागत नाही.

बंपरवरचे दोन झाले, मग टपावर एक लांब पट्टी आली, मग त्या पट्टीच्या दोन्ही टोकांना अजून दोन. दिवे इतके झाले की जुनी बॅटरी पुरेना. मोठी बॅटरी आली, ती चालत्या गाडीत चार्ज करायला मोठा अल्टरनेटर आला. डॅशबोर्डवर स्विचची रांग लागली. रेडिएटरवाला म्हणाला, "वहिनींची पिकअप आहे की सर्कशीचा तंबू?" प्रत्येक वेळी नवीन दिवे लागले की ताई गाडीत बसून बघायची आणि म्हणायची, "आता छान दिसतंय." मग भावोजी हत्यारं पुसून ठेवायचे. चेहरा तोच, पण पुसण्यात जरा सावकाशी यायची. त्यांचा जीव भांड्यात पडलाय हे कळायची ती एकच खूण. डॉक्टरांकडे परत जायचं नाव मात्र ताई काढू द्यायची नाही. "मला दिसतंय ना व्यवस्थित," ती म्हणायची आणि विषय संपायचा.

वसाहतीतल्या एका ट्रकच्या सीटचं माप घ्यायला म्हणून मी एकदा पहाटे तिच्याबरोबर वर गेले. सगळे दिवे चालू होते. रस्त्यावरचा खडा न खडा दिसत होता, भर दुपारीही इतका दिसत नसेल. ताई झकास चालवत होती. कुठे खड्डा, कुठे वळण, सगळं तिला पाठ होतं. मी निवांत झाले होते. तेवढ्यात डावीकडच्या कडेनं एक माणूस चाललेला दिसला, हातात पाण्याचा कॅन, अंगात पिवळं जाकीट. लांबूनच दिसला. मी मनात म्हटलं, आता ताई उजवीकडे घेईल. ताई घेईना. अजून घेईना. मी ओरडून स्टिअरिंग धरलं. गाडी हेलकावली, माणूस चरात पडला आणि कॅन आमच्या चाकाखाली फुटला. त्याला काही झालं नव्हतं. उठून त्यानं आम्हाला ज्या शिव्या दिल्या त्या अगदी योग्य होत्या.

ताई पुन्हा गाडीत बसली. म्हणाली, "दिसला होता मला."

मी माझ्या बाजूचं दार ओढून घेतलं.

"ह्यांना सांगू नकोस."

"नाही सांगत," मी म्हटलं, आणि दुपारी शेडमध्ये पोचल्या पोचल्या सांगितलं. भावोजी एका वायरच्या जोडाला कथलाचा डाग देत होते. त्यांनी डाग पुरा होईपर्यंत मान वर केली नाही. मग विचारलं, "दिवे चालू होते?"

"सगळे."

"कुठल्या बाजूला होता?"

"डावीकडे. अहो, तो मेला असता."

"हं," ते म्हणाले. थोड्याच दिवसांत त्यांनी बाजूला मारणारे दोन दिवे आणले. मला संताप आला. माणूस मरता मरता वाचला हे मी घसा फोडून सांगते आणि हा गृहस्थ अजून दिवेच आणतो. पण खरं सांगायचं तर माझ्या संतापातही दम नव्हता. दुसरं काय करायचं ते मला तरी कुठे माहीत होतं. गाडी सोड, असं ताईला सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. गाडी सोडली की ती दिवसभर काय करणार, कुठे जाणार, कुणाशी बोलणार, याचा विचार मी अर्ध्यावर सोडून द्यायची.

ते दिवे बोनेटच्या मागच्या दोन कोपऱ्यांत बसले, काचेच्या खालच्या टोकाशी. तोंडं बाहेरच्या अंगाला, म्हणजे एकाचा उजेड चराकडे आणि दुसऱ्याचा उताराकडे. डाव्याला वेगळा स्विच, उजव्याला वेगळा. बोनेटखाली आता रिले लावायलाही जागा उरली नव्हती, म्हणून हे दोन रिले भावोजींनी आत डॅशबोर्डखाली, चालवणाऱ्याच्या गुडघ्याजवळ लावले.

सगळं आवळून झालं तेव्हा दुपार होती. अंधार हवा म्हणून भावोजींनी शटर खाली ओढलं. ताई फेरी करून, जेवून आली होती, ती स्टिअरिंगवर बसली. हेडलाइट डिप्परवर होते, समोरच्या भिंतीवर त्यांचा उजेड पडला होता. दोन्ही बाजूंना अंधार. मी डाव्या भिंतीशी माझ्या मशीनवर होते आणि सुईत दोरा ओवायचाही उजेड नव्हता, म्हणून हात मांडीवर ठेवून बसले होते.

भावोजी गाडीच्या डाव्या अंगाला उभे होते. म्हणाले, "डावा दाब."

टक.

"उजवा."

टक.

कोरडी चाचणी झाली. रिले दोन्ही बोलले. दिव्यांच्या वायरी खाली सुट्या लोंबत होत्या, त्या जोडायला भावोजी वाकले. तेवढ्यात ताई आतून म्हणाली, "वा. आता कसं. दोन्ही कडा लख्ख दिसतायत."

भावोजी वाकलेलेच राहिले. मी डावीकडे बघितलं. भिंतीवर मी शिवलेली कव्हरं टांगलेली होती, ती काळी होती. भिंतही काळी होती. मग मी भावोजींकडे बघितलं आणि त्यांनी माझ्याकडे. खूण नाही, काही नाही. ते सरळ उभे राहिले आणि नेहमीच्या कामाच्या आवाजात त्यांनी विचारलं, "डावा जरा खाली पडतोय का?"

ताईनं काचेतून मान तिरकी करून बघितलं. नीट बघितलं. "किंचित," ती म्हणाली. "थोडा वर घ्या."

त्यांनी पाना घेतला, डाव्या दिव्याचा नट सैल केला, दिवा जरासा वर उचलला आणि नट पुन्हा आवळला. "आता?"

"आता बरोबर."

"बंद कर."

टक, टक. ताई उतरली. उतरताना तिचा खांदा आरशाला लागला. "मी जाते घरी, पडते जरा," असं म्हणून ती छोट्या दारानं निघून गेली.

ती खोटं बोलत होती असं मला तेव्हाही वाटलं नाही. स्विच दाबला, टक झालं, म्हणजे दिवा लागला, हे तिला माहीत होतं. इलेक्ट्रिशियनच्या घरात इतकी वर्षं काढल्यावर ते कान सांगतो. जे माहीत होतं ते तिला दिसलं. किती दिवसांपासून ती रस्ता असाच बघत होती, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला आणि तिथंच बसून राहिला.

भावोजींनी वायरी जोडल्या, वर टेप गुंडाळली, पट्ट्या आवळल्या. मग स्वतः गाडीत बसून पक्की चाचणी केली. दोन्ही बाजूंच्या भिंती एकदम उजळल्या. टांगलेल्या कव्हरांवरचा टाका न टाका मोजता आला असता, इतका उजेड. माझे डोळे दिपले. ते त्या उजेडात बराच वेळ बसून होते. मग स्विच बंद करून त्यांनी शटर वर केलं आणि दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "बोला."

मला रडू यायला हवं होतं. वाट बघितली, आलं नाही. मी मशीनवर बसून उरलेली शिवण मारली. ती अगदी सरळ आली.

रात्री भावोजींनी पिकअप घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती सुरू झाली नाही. स्टार्टर फिरायचा, इंजिन पकडायचं नाही. ती ढकलतच शेडमध्ये आली. मी पोचले तेव्हा बोनेट उघडं होतं आणि भावोजी हातात टेस्टरचा दिवा घेऊन उभे होते. मी जवळ जाऊन फ्यूजच्या डब्यात डोकावले. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून मला आता काय कुठे असतं ते कळतं. इंधनाच्या पंपाच्या रिलेची जागा रिकामी होती. तो रिले नसला की पंपाला करंट जात नाही, इंधन पुढे सरकत नाही आणि स्टार्टर कितीही फिरवा, इंजिन जन्मात सुरू होत नाही. मग मी भावोजींच्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं. खिशाला चौकोनी फुगवटा होता.

"भावोजी," मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

"शोधतोय," ते म्हणाले.

ताई दुपारी आली. "काय झालंय?"

"सापडत नाही."

हे दोन शब्द त्यांच्या तोंडून गल्लीत कधी कुणी ऐकले नव्हते. मला वाटलं आता ती म्हणेल, पंप बघितला का, फ्यूज बघितली का. तिला तेवढं समजत होतं. ती म्हणाली, "शोधा निवांत," आणि घरी गेली.

वसाहतीचा मुकादम येऊन तणतणून गेला. मग दुसरा एक टेम्पोवाला तात्पुरता माल पोचवू लागला. तात्पुरतं म्हणता म्हणता त्याचं रोजचं झालं. भावोजी दररोज काही वेळ पिकअपचं बोनेट उघडायचे, डॅशबोर्ड खोलायचे, वायरी पसरायचे, इथं टेस्टर लाव तिथं लाव करायचे आणि संध्याकाळी सगळं परत जागच्या जागी बसवायचे. इतकं मन लावून करायचे की एखाद्याला वाटावं, हा माणूस खरंच शोधतोय. मला तर कधी कधी वाटायचं की ते खरंच काहीतरी शोधतायत, फक्त ते त्या गाडीत नाही.

गल्लीला आयतं कोलीत मिळालं. रेडिएटरवाला चहा पिता पिता म्हणाला, "स्वतःच्या बायकोच्या गाडीचा फॉल्ट सापडेना. आता आमच्या गाड्या कुणाच्या भरवशावर द्यायच्या?" तो गमतीनं म्हणाला, पण ऐकणाऱ्यांत एक खाणवाला होता, ज्याच्या सगळ्या गाड्यांचं काम आमच्याकडे असायचं. त्याच्या गाड्या यायच्या बंद झाल्या. मग अजून कुणाच्या. डेंटर चावट असला तरी मनाचा बरा, तो एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला घेऊन येतो म्हणाला. भावोजी म्हणाले, "नको. सापडेल."

"अहो, कधी सापडणार?" मी संध्याकाळी शेड बंद करताना म्हटलं. "चारचौघांत स्वतःचं हसं करून घेताय. त्यापेक्षा तिला सरळ सांगा, तुला दिसत नाही, तू चालवू नकोस. एवढं तोंड उघडता येत नाही?"

भावोजींनी कुलूप लावलं, ओढून बघितलं. "तू सांगशील?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होते.

मी म्हटलं, "सांगीन."

घरी दोघं कसे राहत होते ते मी अधूनमधून जेवायला जायची तेव्हा बघायची. भाजीत मीठ कमी आहे, पाण्याचा नळ गळतोय, एवढंच बोलणं. गाडीचं नाव कुणी काढायचं नाही. ताई घरात कडांना हात लावत फिरायची आणि हात असा लावायची की जणू धूळ पुसतेय. भावोजी जेवून ताट उचलायचे. कुणी कुणावर चिडत नव्हतं. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

सुट्टीच्या दिवशी मी ठरवून गेले. भावोजी काहीतरी आणायला बाहेर गेले होते. मागच्या अंगणात लख्ख ऊन होतं आणि ताई टबाशी बसून कपडे धूत होती. मी उंबऱ्यावर बसले. वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती. "ताई," मी म्हटलं, "तुला गाडीबद्दल सांगायचंय."

"सांग की," ती म्हणाली. तिनं ढिगातून भावोजींचा कामाचा शर्ट ओढला, खिसा चाचपला, त्याचं बटण काढलं, आतून तो काळा रिले काढून खिडकीत ठेवला आणि शर्ट पाण्यात बुडवला. हे सगळं तिनं भाजी निवडावी तसं केलं, हाताकडे न बघता.

माझी जुळवलेली वाक्यं गेली.

"हा किती दिवस..." मी म्हटलं.

"पहिल्याच दिवशी सापडला," ताई शर्टाची कॉलर घासत म्हणाली. "तेव्हा मला माहीत नव्हतं, खिशातच भिजला. मग उन्हात वाळत ठेवला. तर हे आपले घरभर शोधतायत. गादीखाली बघितलं, चपलांखाली बघितलं. मला विचारायची सोय नाही." ती जरा हसली. "तेव्हापासून मीच आठवणीनं काढते आणि दुसऱ्या दिवशीच्या शर्टात ठेवते."

"तुला माहितीये ना तो कशाचा आहे?"

"पंपाचा."

"मग मागून का घेत नाहीस? लावला की गाडी सुरू."

ताईनं शर्ट पिळला. पाणी निथळून गेल्यावरही पिळत राहिली. "मागितला तर देतील गं ते," ती म्हणाली. "म्हणून नाही मागत."

शर्ट तारेवर टाकून तिनं हात पुसले, खिडकीतला रिले घेतला आणि घरात गेली. मी मागोमाग गेले. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर खोली मलाही क्षणभर अंधारी वाटली. ताई भिंतीला हात लावत कपाटाशी पोचली. इस्त्रीचा शर्ट तिनं बोटांनी शोधला, खिसा शोधला, रिले आत सोडला आणि बटण लावायला लागली. बराच वेळ लावत होती.

मग हात खाली घेऊन ती म्हणाली, "बटण लागलंय का बघ गं. मला दिसत नाहीये."

मी जवळ जाऊन बघितलं. लागलं होतं.